मुलीचं वागणं खटकलं, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी शाळांत आणि अंगणवाड्यांत समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न मला कुणी कधीच सरळ विचारत नाही. बाई आधी पोषण आहाराचं बोलतात, मग एसडीएमसीच्या (शाळा विकास समितीच्या) बैठकीचं. चहा संपत आला की आवाज खाली येतो. "आमच्यातली एक पोरगी जरा वेगळंच वागते बघा." हे "वेगळं" म्हणजे दुसऱ्या मुलांशी लैंगिक वागणं. त्यामागे काय काय असतं आणि त्याचं काय करायचं, हे इथे लिहिलंय. आया, आज्या, शिक्षक, अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई यांनी विचारलेलेच हे प्रश्न आहेत.

हानिकारक लैंगिक वर्तन म्हणजे नेमकं काय?

अठराच्या आतल्या मुलाचं किंवा मुलीचं असं लैंगिक वागणं, जे त्या वयाला शोभत नाही आणि ज्याने दुसऱ्या मुलाला, स्वतःला किंवा दोघांनाही इजा होते. इजा अंगावर दिसेलच असं नाही. "विकृत", "चालू", "बिघडलेली" हे शब्द मी मुद्दाम वापरत नाही. ते मुलीबद्दल बोलतात. आपल्याला बोलायचंय ते वागण्याबद्दल.

लहान मुलं असं करतातच की! त्यात एवढं काय?

बरंचसं खरंच काही नसतं. चार वर्षांचं पोर शरीराबद्दल भलतेच प्रश्न विचारतं आणि आज्जीला लाज आणतं. ते कुतूहल आहे. उत्तर दिलं, लक्ष दुसरीकडे वळवलं की ते विसरतंही.

ब्रिटनमधले अभ्यासक सायमन हॅकेट यांनी २०१० मध्ये यासाठी पाच पायऱ्या मांडल्या: वयाला साजेसं, अनुचित, समस्या ठरणारं, अत्याचाराचं आणि हिंसक. मला ही मांडणी आवडते, कारण आपल्याकडे दोनच पायऱ्या असतात. एक "काही नाही हो" आणि दुसरी "अब्रू गेली". मधल्या तीन पायऱ्यांवरच सगळं काम असतं.

आपली मुलगी कुठल्या पायरीवर आहे ते कसं ओळखायचं? दोघांच्या वयात, ताकदीत किंवा समजेत मोठं अंतर आहे का, ते बघा. "आईला सांगितलंस तर बघ" असा दम किंवा गोळीबिस्किटाचं आमिष होतं का? एकदा नीट समजावल्यावरही लपूनछपून तेच चालू आहे का? समोरचं मूल तिला बघून बावरतं, रडतं, तिच्या घरी जायला नको म्हणतं का? आणि तिच्या वयाला माहीत असायची काही सोय नाही असं काही मुलीला माहीत आहे का? यातलं एक जरी "हो" असलं तर "लहान आहे, कळत नाही तिला" म्हणून सोडू नका.

पण मुली असं करतात?

करतात, मुलांपेक्षा खूप कमी. ब्रिटनमध्ये अशा कारणाने सेवांकडे पाठवलेल्या ७०० मुलांच्या नोंदी हॅकेट आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, त्यात मुली साधारण ३ टक्के होत्या. अभ्यासांत त्यांच्याबद्दल आणखी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. वागणं लक्षात येतं तेव्हा त्या मुलांच्या मानाने लहान असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला अत्याचार किंवा आबाळ आलेली असण्याचं प्रमाण जास्त असतं.

३ टक्के हा आकडा पाठवलेल्यांचा आहे, घडलेल्यांचा नाही. मुलीकडून असं काही होईल हे मनातच येत नाही, म्हणून बरंचसं नजरेतून सुटतं. आई विड्या वळायला किंवा ऊसतोडीला गेली की अकरा वर्षांची अक्काच धाकट्यांना न्हाऊ घालते, झोपवते. तिच्यावर कुणी संशय घेत नाही, घेऊही नये. पण धाकटं मूल "अक्का नको" म्हणून रडायला लागलं तर त्याचं कारण विचारायला हवं.

आणि जेव्हा दिसतं तेव्हा मात्र मुलीला मुलापेक्षा जास्त शिक्षा होते. त्याला "वयात आलाय", तिला "घराण्याला बट्टा". न बघणं आणि काळं फासणं, दोन्हीत मुलीकडे नीट बघायचं राहून जातं.

म्हणजे तिच्यावर कुणीतरी अत्याचार केलाय, असंच समजायचं का?

समजायचं नाही आणि नाकारायचंही नाही. हे इतकं महत्त्वाचं आहे की सावकाश वाचा. ज्यांच्यावर अत्याचार झाला अशी बहुतेक मुलं पुढे कुणालाही इजा करत नाहीत. आणि अशी वागणारी प्रत्येक मुलगी अत्याचारातून आलेली असते असंही नाही. कधी हातात आलेल्या फोनवर नको ते दिसलेलं असतं. कधी एकाच खोलीच्या संसारात मोठ्यांचं वागणं नजरेला पडलेलं असतं. कधी घरात रोज मारहाण असते आणि आपली सत्ता चालेल अशी एकच जागा तिला सापडते, ती म्हणजे धाकटं भावंड. कधी मुलगी गतिमंद असते आणि शरीराबद्दलचे साधे नियम तिला कुणी शिकवलेलेच नसतात.

"तुला हे कुणी शिकवलं, मामानं का?" असं विचारलं की मूल "हो" म्हणून टाकतं. मग मामाही अडकतो, आणि खरोखर दुसरं कुणी असेल तर तो सुटतो.

आत्ता माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काय करू?

ओरडू नका. मारू तर मुळीच नका. दोघांना वेगळं करा, दोघांनाही कपडे, पाणी, जवळ एक मोठं माणूस द्या. "हे थांबवायचं. तू आता माझ्याजवळ बस," एवढंच. ज्या मुलाला त्रास झालाय त्याला आधी सांगा की तुझी चूक नाही. मग मुलीलाही सांगा की तुला टाकून देणार नाही, पण असं पुन्हा होऊ देणार नाही.

दोघांना समोरासमोर उभं करून "खरं कोण बोलतंय" हा पंचायतीचा खेळ नको. माफी मागायला लावणंही आत्ता नको.

तिला काय विचारू?

"काय झालं, मला सांग." एवढाच प्रश्न, आणि मग गप्प बसा. ती जे शब्द वापरेल तेच शब्द त्याच दिवशी कागदावर लिहून काढा, तारीख आणि वेळ घालून. तिची बोली पुस्तकी मराठीत सुधारून लिहू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. एकाच्या फोनवर असलेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही. शाळेत हेडसर, वर्गशिक्षक, सीआरपी (शाळांच्या गटाचे साधनव्यक्ती) आणि एसडीएमसीचे अध्यक्ष अशा चौघांनी तिला चारदा तेच बोलायला लावलं की पाचव्या वेळी, जेव्हा खरंच उपयोग असतो, तेव्हा ती बोलायची बंद झालेली असते.

डॉक्टरकडे नेऊन "तपासून" आणू का?

हा प्रश्न बहुधा आज्जी विचारते, आणि त्यामागे मुलीची तब्येत नसते, कौमार्य असतं. त्यासाठी नको. अशी "तपासणी" काहीही सिद्ध करत नाही आणि मुलीवर आणखी एक घाव घालते. अत्याचाराच्या तपासात वापरली जाणारी दोन बोटांची चाचणी ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा खडसावून बंद करायला सांगितली. ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल असंही म्हटलं.

दुखणं, रक्तस्राव, लघवीला जळजळ, पाळी चुकणं असं काही असेल तर मात्र दोन्ही मुलांपैकी जिला-ज्याला गरज आहे त्याला लगेच सरकारी रुग्णालयात न्या. पोक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) पीडित मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि आई-वडील किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस सोबत असायचं असतं.

मूल्यमापन म्हणजे काय करतात? मुलगी पास-नापास होते का?

नाही. मूल्यमापन म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं शोधणं. काय घडलं आणि ते कितपत गंभीर आहे? ते कशामुळे घडत असावं? आणि ते थांबायला हिच्याभोवती काय काय आहे, काय कमी आहे?

चांगलं मूल्यमापन एका बैठकीत होत नाही. मुलीशी दोन-तीनदा भेट, आई-वडिलांशी स्वतंत्र, शिक्षकांशी बोलणं. जन्म, दुखणी, वाढ, शाळेतली प्रगती, झोप, भीती, घरातले ताण, दारू, मारहाण, कोण कुठे झोपतं, फोन कुणाच्या हातात असतो, अंघोळ कुठे करतात. हे विचारताना घरच्यांना वाटतं आमच्या संसाराची झडती घेताहेत. घ्यावी लागते. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं, आणि उपायही: जीव लावणारी मावशी, कबड्डी, गणितात लागलेली गोडी, भजनातला गळा. ताकद कुठे आहे हे न लिहिलेला अहवाल माझ्या मते अर्धाच असतो.

एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. किशोरवयीन मुलांनी असं वागणं पुन्हा करण्याचा धोका मोजायच्या ज्या प्रश्नावल्या परदेशांत तयार झाल्या, त्या जवळजवळ सगळ्या मुलग्यांच्या अभ्यासावर बेतलेल्या आहेत. मुलीला त्या लावून "धोका जास्त" असा आकडा काढणं म्हणजे पुरुषाच्या मापाचा सदरा घालून पोरीचं वजन ठरवणं. असा आकडा कुणी दिला तर तो कशावरून आला, ते विचारा. मुलीच्या बाबतीत विशेष बघायचं ते हे: तिच्यावर काय ओढवलं, घरात लहानांची जबाबदारी तिच्यावर किती, तिला कुणी मोठं माणूस किंवा प्रेमाचं नाटक करणारा मुलगा हे करायला लावतोय का, आणि ती स्वतःला इजा करून घेते का. शेवटचा प्रश्न कधीच गाळू नका.

आणखी एक घोटाळा होतो. सोळा पूर्ण झालेल्या मुलामुलींवर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय कायद्याच्या १५ व्या कलमाखाली बाल न्याय मंडळ एक "प्राथमिक मूल्यमापन" करतं. ते वेगळं. ते खटला कुठे चालावा यासाठी असतं, उपचारासाठी नाही. कागदावर "मूल्यमापन" दिसलं की कुठलं ते आधी बघून घ्या.

आम्हाला कन्नड नीट येत नाही. सगळं तर कन्नडमध्येच चालतं.

खरंय. आपल्याकडे पोलिस ठाण्याचा कागद कन्नडमध्ये, रुग्णालयातला केसपेपर इंग्रजीत आणि मुलगी बोलते खानापुरी मराठी. भाषेचं राजकारण बाजूला ठेवू. इथे भाषा म्हणजे पुरावा आहे. मुलीच्या एका शब्दाचं भाषांतर चुकलं तर कुतूहलाचा अत्याचार होतो किंवा अत्याचाराचा खेळ.

पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट आहे की मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचा. जबाब घेताना (कलम २६) आणि न्यायालयात (कलम ३८) हीच सोय आहे. ती उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून मागा. दुभाषी म्हणून शेजारी, गावचा पुढारी किंवा घरातलंच माणूस नको. लिहिलेलं मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

पोलिसांना सांगावंच लागतं का? तुम्ही गुपित ठेवाल ना?

हे मी पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगते: काही गोष्टी मी गुपित ठेवू शकत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी रास्त भीती असेल, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. डॉक्टरवर, शिक्षकावर, माझ्यावर, तुमच्यावरही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. हे कलम मुलांना लागू नाही.

कळवलं म्हणजे मुलगी तुरुंगात गेली, असं मात्र नाही. सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कुठलंही कृत्य कायद्याने गुन्हाच नाही. सात ते बारामध्ये परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे बघितलं जातं. करणारी व्यक्ती अठराच्या आतली असेल तर प्रकरण बाल न्याय कायद्याने, बाल न्याय मंडळासमोर चालतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. मुलीला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि ताब्यात घेतलंच तर २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) घरची-शाळेची चौकशी करून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन सांगू शकतं, देखरेखीखाली ठेवू शकतं. आणि ती स्वतः अत्याचाराची बळी आहे असं दिसलं, तर बालकल्याण समितीपुढे तिचं प्रकरण काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणूनही जातं. एकच मुलगी दोन्हीकडे असू शकते. दोन्ही कार्यालयांना हे सांगायचं काम अनेकदा आपल्यालाच करावं लागतं.

प्रत्येक अनुचित वागणं गुन्हा नसतं. खात्री नसेल तर १०९८ वर विचारा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. कन्नडमध्ये पाटीवर "मक्कळ रक्षणा घटक" असं दिसेल.

आम्ही निपाणीचे, पण घडलं सुट्टीत कागलला, मामाकडे.

सीमाभागातलं नेहमीचं त्रांगडं. इथलं ठाणं म्हणतं तिकडे जा, तिकडचं म्हणतं इकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. यालाच लोक झीरो एफआयआर म्हणतात. पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. त्रास झालेलं मूल महाराष्ट्रात राहत असेल तर त्याची काळजी तिकडची बालकल्याण समिती घेईल, मुलीची इकडची. दोन राज्यांच्या दोन फायली एकमेकींना भेटतीलच असं धरून चालू नका. दोन्हीकडचे नोंद क्रमांक एका वहीत लिहून ठेवा.

शाळेनं दाखला देऊन टाकला तर बरं नाही का?

कुणाचं बरं? शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिवाय गावात मराठी शाळा एकच. दाखला दिला की मुलगी एकतर कन्नड माध्यमात जाऊन मुकी होते, नाहीतर घरी बसते. घरी बसलेल्या मुलीवर नजर ठेवणारं दिवसभर कुणी नसतं.

त्यापेक्षा शाळेने साधा आराखडा करावा. संडासला जाताना एकटीने, लहान वर्गातल्या मुलींना सोबत न घेता. मधल्या सुट्टीत एका ठरलेल्या बाईंच्या नजरेच्या टप्प्यात. लहानांची देखरेख करायची "मॉनिटर"गिरी सध्या नको. आणि हे का, ते फक्त दोन-तीन शिक्षकांना माहीत असावं, सगळ्या स्टाफरूमला नाही.

घरात दोन्ही मुली एकत्रच झोपतात. वेगळी खोली कुठून आणू?

खोली नको, रचना बदला. मध्ये आज्जीला झोपवा. अंघोळ, कपडे बदलणं एकेकीचं. लहानाला न्हाऊ घालायचं काम मोठीकडून काढून घ्या, पण बदल्यात दुसरी मानाची जबाबदारी द्या, नाहीतर तिला ती शिक्षाच वाटेल. फोन वापरायचा तो सगळ्यांसमोर. इजा जास्त असेल, धाकटी घाबरून असेल, तर काही आठवडे कुणी एक मावशीकडे राहिली तरी चालेल. शक्यतो धाकटीला घराबाहेर काढू नका. घर सोडणं तिला आपल्यालाच झालेली शिक्षा वाटते. आणि ज्या घरात मोठीला पाठवाल तिथे लहान मुलं नाहीत ना, आणि तिथल्या मोठ्या माणसाला खरं सांगितलंय ना, हे बघा.

लग्न लावून दिलं की सुटेल, असं भाऊबंद म्हणतात.

सुटत नाही, दृष्टीआड होतं. २०१७ पासून कर्नाटकात बालविवाह मुळातच रद्दबातल आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अठराच्या आतल्या पत्नीशीही शरीरसंबंध हा बलात्कारच. म्हणजे एका मुलीचा प्रश्न मिटवायला निघालेले भाऊबंद नवा गुन्हा करून ठेवतात. पलीकडे चंदगडला नेऊन लावलं तरी मुलगी अल्पवयीनच राहते.

देवाला कौल लावणं, बाहेरचं बघणं याबद्दल एवढंच: तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, पण मुलीला उपाशी ठेवणं, चटके देणं, एकटीला कुणा बुवाकडे सोडणं अजिबात नको.

समुपदेशनात काय होतं? किती दिवस लागतात?

काही महिने, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा. शरीराच्या खासगीपणाचे नियम, राग आणि भीती ओळखणं, मनात आलं आणि केलं यामधली जागा वाढवणं, समोरच्याचं दुःख समजणं. तिच्यावर अत्याचार झाला असेल तर त्या जखमेवरचं काम वेगळं आणि सोबतच. पालकांना बाहेर बाकावर बसवून ठेवणारं समुपदेशन इथे फारसं चालत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांनाही सोबत घेऊन थोड्या काळाचे विचार-वर्तन उपचार घेतलेल्या मुलांपैकी दहा वर्षांत फक्त २ टक्क्यांच्या नावावर पुढे लैंगिक गुन्ह्याची नोंद दिसली. नुसत्या खेळातून उपचार घेतलेल्यांत ती १० टक्के होती.

मोठी झाल्यावर ती अशीच राहील का?

बहुतेक मुली राहत नाहीत. वेळेवर थांबवलं आणि मदत मिळाली तर पुन्हा असं करण्याचं प्रमाण कमीच असतं. बाल न्याय कायद्याचं २४ वं कलमही यासाठीच आहे: मंडळाच्या आदेशाचा डाग तिच्या पुढच्या आयुष्यात अपात्रता म्हणून लागत नाही. अपवाद फक्त प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव आलंय.

स्क्रीनशॉट ठेवा, पुढे पाठवू नका, पोलिसांना दाखवा. मुलाची ओळख पटेल असं काहीही (नाव, शाळा, पत्ता, फोटो) प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम मनाई करतं, मग ते मूल त्रास झालेलं असो की आरोप असलेलं.

त्रास झालेल्या मुलाच्या घरच्यांना काय सांगू? शेजारीच आहेत.

पहिल्यांदा सांगा की तुमच्या मुलाचं आम्ही खरं मानतो. सबबी नकोत, "तिचंही लहानपण" हे आत्ता त्यांच्यापाशी नको. पैसे देऊन, साडीचोळी करून मिटवायला पंच बसले तर तुम्ही बसू नका. त्या मुलालाही स्वतंत्र मदत मिळायला हवी, आणि ती तुमच्या मुलीच्या समुपदेशकाकडून नको.

फोन कुणाला करू? तिकडून कन्नडच बोलले तर?

मुलांसाठी १०९८, चोवीस तास, मोफत. जीवाला धोका असेल तर ११२. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. "मराठी बोलणारं कुणी द्या," असं पहिल्याच वाक्यात म्हणा. सरकारी रुग्णालयांतलं किशोरवयीनांचं केंद्र इकडे "स्नेहा क्लिनिक" या नावाने असतं; सीमेपलीकडे त्यालाच "मैत्री" म्हणतात. बेळगावात बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात जाता येतं. प्रकरण अवघड असेल तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था बसने दीड-दोन तासांवर आहे. जाताना मुलीच्या बोलीत लिहिलेला तो पहिल्या दिवशीचा कागद सोबत न्या, आणि मुलीला न सांगता नेऊ नका. "दात दाखवायला चाललोय" म्हणून आणलेली मुलगी पहिला तासभर तोंड उघडत नाही.